सांदीतलं काळं

मृगाचा पाऊस नीट लागला की आमच्याकडच्या जुन्या घरांतलं पितळ काळवंडायला लागतं. निपाणीत ते जरा सबुरीनं घेतं. तवंदीचा घाट चढून, संकेश्वर, हत्तरगी मागं टाकून बेळगावाकडं यावं तसा हवेतला ओलावा वाढत जातो, आणि खानापूरच्या बाजूला तर आषाढात भिंतींनाही पाझर फुटतो. माझं माहेर निपाणीचं, सासर बेळगावात शहापूरचं. एकाच घडणीच्या दोन समया दोन गावांत किती वेगवेगळ्या चालीनं काळ्या होतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. आधी लकाकी जाते. मग तांबूस तपकिरी थर चढतो, तो गडद होत जातो. आणि जिथं पाणी थबकतं, म्हणजे समईच्या बैठकीखाली, कडीच्या बेचक्यात, घंटेच्या लोळीच्या टोकाशी, तिथं हिरवं फुटतं.

या काळवंडण्याचा मला कधी राग आला नाही. स्टीलला माणसाची गरज लागत नाही. पितळ वर्षातून चारदा तरी माणसाला आपल्याजवळ बसवून घेतं, आणि जवळ बसल्याशिवाय घरातल्या वस्तू कळत नाहीत असं मला मनापासून वाटतं.

निपाणी म्हणजे तंबाखू, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं घर तपकिरीच्या धंद्यातलं. पुढच्या सागवानी दारावर पितळी फुल्या होत्या आणि मधोमध सिंहाच्या तोंडात धरलेलं एक जाड कडं. सोप्यात शिसवी फळीचा झोपाळा. त्याच्या चारी साखळ्या पितळी कड्यांच्या, आणि काही कड्यांमागं कुठं मोर, कुठं हत्ती. देवघराच्या दाराला पोपटाच्या आकाराच्या मुठी. शिवाय बैलांच्या शेंब्या आणि घागरमाळा, त्या मात्र माळ्यावर फडक्यात बांधून ठेवलेल्या असायच्या.

त्या फडक्याची गाठ सुटायची ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या आधी. आमच्याकडं त्या दिवशी कर्नाटकी बेंदूर असतो. महाराष्ट्री बेंदूर पुढं आषाढात. पौर्णिमा तीच वटसावित्रीचीही. त्यामुळं बायकांची एका हातानं वडाच्या पूजेची तयारी आणि दुसऱ्या हातानं बैलांच्या दागिन्यांची घासाघास, अशी धांदल उडायची. 1956 च्या 1 नोव्हेंबरला निपाणी आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवसाची सल आमच्या घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत होती, माझ्यातही आहे. बेंदूर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कर्नाटकीच होता, आणि त्याच्या घुंगरांचा आवाज शेजारच्या कानडी बोलणाऱ्या घरातून आमच्या घरात अगदी सहज यायचा. त्या घरच्या काकू लिंबाच्या साली आणि रांगोळीनं पितळ घासायच्या. आमच्या आज्जीचा भर चिंचेवर. परसातल्या एकाच पाणवठ्याच्या दगडावर बसून दोघी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत आपापली घागरमाळ लखलखीत करायच्या. कुणाची जास्त उजळली, यावर मात्र दोघींचं कधीच एकमत झालं नाही.

आज्जी आदल्या रात्रीच चिंच भिजत घालायची. आमटीतली नवी तांबूस चिंच नव्हे. बरणीच्या तळाला उरलेली, काळी पडलेली जुनी चिंच. सकाळी ती कोळायची आणि गर बाजूला काढायची. चोथा टाकायचा नाही, कारण खरं काम चोथाच करतो. त्यात खडेमीठ घालायची. शेजारी नारळाची शेंडी, राखेची वाटी आणि धोतराचे मऊ झालेले तुकडे. राख आमच्याकडं तंबाखूच्या वाळक्या देठांची असायची. तंबाखूचं पीक जमिनीतलं पोटॅश भरपूर उचलतं आणि ते सगळं राखेत उतरतं. तेलकटपणा काढायला त्यासारखं दुसरं काही नाही.

“चोळू नगंस. फिरव. नक्षी जिकडं वळती तिकडं हात वळव,” आज्जी सांगायची.

हात वळायला लागला की बोटांखाली जे घडायचं ते मी आजही तितक्याच उत्सुकतेनं बघते. चोथा आधी तपकिरीच असतो. थोड्या वेळानं त्याच्या कडा मळकट हिरव्या होतात, मग सगळाच काळपट. आणि त्या काळ्या रसाच्या एखाद्या ओघळाखालून पितळाची पहिली रेघ दिसते. ती पिवळी नसते, गुलाबी असते. ती गुलाबी झाक बघितली की आज्जी म्हणायची, “आता हात चालव. तोंडातलं खांड सपायच्या आत धुवायचं.” सुपारीचं खांड हे तिचं घड्याळ होतं. तोंडात टाकलं की चिंच लावायची, संपत आलं की पाण्याखाली धरायचं.

या घड्याळामागचं कारण मी पुढं शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर मला नीट कळलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंचेतलं टार्टारिक आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं, आणि मीठ त्याला जोर देतं. पण आम्लाला फार वेळ मोकळीक दिली की ते धातूतल्या जस्तालाच हात घालतं. जस्त निघून जातं आणि मागं तांब्याचे लालसर चट्टे राहतात. म्हणून ती गुलाबी झाक म्हणजे थांबायची खूण. त्यावर कोरडी राख फिरवायची. राख अल्कधर्मी, ती उरलेलं आम्ल मारते आणि लाली घासून पिवळेपण वर आणते. पुन्हा पाणी. लगेच कोरडं फडकं, कारण पाण्याचा एक थेंब जरी वाळू दिला तरी त्याचा गोल डाग दिवाळीपर्यंत जात नाही. मग ऊन, आणि शेवटी खोबरेल तेलाचं बोट. एवढ्याशा पोरीला या सगळ्याचा क्रम पाठ होता, कारण तो शिकवणारीला त्यातलं प्रत्येक पाऊल हातानं ठाऊक होतं.

पण मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते वेगळंच. आज्जी सगळं काळं काढायची नाही. मोराच्या पिसाऱ्यातल्या रेघा, हत्तीच्या झुलीवरची जाळी, सिंहाच्या आयाळीतल्या सांदी, यांत शेंडी घालून खरवडायला ती मना करायची. “सांदीतलं ऱ्हाऊ दे. त्येच्यामुळं मोर दिसतोय.” उंचवटे उजळायचे आणि खोलगट जागा तशाच ठेवायच्या. संध्याकाळी सोप्यात कंदील लागला की त्या काळ्या रेघांमुळं मोराला पिसं यायची, हत्तीच्या अंगावर झूल चढायची.

आणि या मताला घरातच विरोध होता. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. या रेजिमेंटचं मूळ 1768 पर्यंत मागं जातं, आणि तिचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. निपाणी, चिकोडी, कागल, शिरोळ या पट्ट्यात पलटणीत कुणी गेलं नाही असं गाव सापडणं कठीण. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर सगळे सैनिक टाकळीच म्हणतात. सुटीवर येताना प्रत्येक जण बेळगावच्या कॅम्पातून काही ना काही आणायचा. तात्या ब्रासो आणायचे. हे पॉलिश 1905 साली इंग्लंडात निघालं आणि गोऱ्यांच्या पलटणींबरोबर आपल्याकडं आलं. पलटणी आपल्या झाल्या, डबा राहिला. झाकण उघडलं की नाकात झोंबणारा वास सोप्यापासून परसापर्यंत जायचा.

तात्यांनी मला बटणाची पट्टी दाखवली होती. हातभर नव्हे, वीतभर लांबीची चपटी पट्टी, मधोमध लांब खाच. गणवेशाचं पितळी बटण त्या खाचेत सरकवायचं, म्हणजे ब्रासो बटणालाच लागतं आणि कापडावर पांढरा डाग पडत नाही. दारावरच्या सिंहासाठी त्यांनी हीच युक्ती केली. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला बेतून खाच पाडली, ती सिंहाच्या गळ्याभोवती बसवली, आणि मग फडक्याला ब्रासो घेऊन लहान लहान वर्तुळं. लाकडाला एक थेंब लागला नाही. इतक्या निगुतीनं केलेलं काम मी क्वचितच पाहिलं आहे. पण त्यांची शिस्त परेडीची. परेडीला निघालेल्या बकलावर सावलीसुद्धा चालत नाही. त्यांनी दात घासायचा ब्रश घेतला आणि आयाळीच्या सांदीसांदीतून सगळं काळं काढून टाकलं. सिंह लखलखला, आणि त्याच क्षणी काजळ पुसलेल्या डोळ्यांसारखा पोरका दिसायला लागला. आज्जी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “त्वांड कुठं गेलं रं त्येचं?”

तात्या काही बोलले नाहीत. आईपुढं ते कधीच बोलत नसत. पण मला दोघांचंही पटत होतं, आणि अजून पटतं. बटण दुसऱ्यांनी बघायचं असतं, तेही दुरून, एका रांगेत उभ्या असलेल्या पुष्कळ बटणांबरोबर. तिथं एकसारखी चमक हाच मान. दारावरचा सिंह मात्र एकटा असतो आणि हाताच्या अंतरावर असतो. त्याला चेहरा लागतो.

लष्करातही सगळंच घासत नाहीत, हेही मला तात्यांनीच सांगितलं. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 च्या, आणि नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या इटलीतल्या लढाईतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे त्या लढाईतून परत आले नाहीत. ते पदक कांस्याचं, मुद्दाम गडद तपकिरी ठेवलेलं. “त्याला ब्रासो लावायचा नसतो,” एवढंच तात्या म्हणाले, आणि पुन्हा बकल घासायला लागले.

आमच्या दुकानातही न घासायची एक गोष्ट होती. तपकीर तोलायचा लहान काटा खंडेनवमीला पुजला जायचा. त्याची पारडी घासून पुसून ठेवायची, पण वजनांना चिंच लावायला सक्त मनाई. 1958 च्या ऑक्टोबरपासून देशात टप्प्याटप्प्यानं ग्रॅम-किलो आले, तोळे-छटाक गेले, पण आज्जीचा नियम दोन्ही वजनांना सारखाच लागू राहिला. प्रत्येक घासणीत पितळाचा अगदी किंचित अंश फडक्यावर येतो. वजन झिजलं की माप खोटं. माझ्या आजोबांनी एक पितळी वजन उलटं करून मला दाखवलं होतं. तळाशी भोक, त्यात शिसं भरलेलं, आणि त्या शिशावर सरकारी शिक्का. झिजलेलं वजन तपासणीत तिथं शिसं घालून पुन्हा भरतात. गिऱ्हाइकाला काळं वजन दिसलं तर चालतं, असं ते म्हणायचे. त्या वाक्यात त्यांचा सगळा धंदा होता.

गोठ्याचीही एक कथा आहे. बेंदूर झाला की त्याच संध्याकाळी शेंब्या, घागरमाळा उतरवून, धुऊन, पुसून माळ्यावर जायच्या. पितळ गोठ्यात रात्र काढणार नाही, हा दंडक. मला ते नुसतं जपणं वाटायचं. पुढं वाचनात आलं की इंग्रजांच्या काळात आपल्याच देशात लष्करी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जायची, आणि त्यांच्या पितळी नळ्यांना आपोआप चिरा पडायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पत्र्यात कोंडलेला ताण, या तिघांनी मिळून पितळ फोडलं, हे नीट सिद्ध व्हायला 1921 साल उजाडलं. घागरा ओतारी ओतून करतो, त्या जाडजूड. त्यांना एवढं भय नाही. पण शेंब्या ठोकून घडवलेल्या पातळ पत्र्याच्या. माझ्या आज्जीला अमोनिया हे नाव ठाऊक नव्हतं. तिनं तिच्या सासूकडून ऐकलं होतं, सासूनं तिच्या सासूकडून, आणि त्यांच्यातल्या कुणीतरी एकीनं कधीतरी फुटलेली शेंबी हातात घेऊन विचार केला असणार. त्या अनाम बाईबद्दल मला फार आदर आहे. ब्रासोचा झोंबरा वासही अमोनियाचाच. म्हणून तो लावून तसाच सोडायचा नाही, पुसून पूर्ण काढायचा; हे तात्यांना पलटणीनं शिकवलं होतं.

घासून झाल्यावर हाताला येणारा वास मला लहानपणी पितळेचा वाटायचा. खरं तर तो आपलाच असतो. धातूचा स्पर्श झाला की कातडीवरची तेलं मोडतात आणि त्यातून तो वास निघतो. म्हणजे दिवसभर कडी घासून माझ्या हाताला येत होता तो माझाच वास होता, कडीनं बाहेर काढलेला. पितळही हात ओळखतं. पाहुण्यानं एकदा धरून सोडलेल्या मुठीवर घामातल्या मिठानं बोटांचे काळे ठसे उठतात. ज्या कड्याला रोज शंभरदा हात लागतो त्यावर मात्र थर बसायला सवडच मिळत नाही. आमच्या सिंहाच्या कड्याचा खालचा भाग कुणी न घासताही उजळ असायचा, वरचा काळा. झोपाळ्याच्या साखळीत तर याहून नवल. कडीत कडी जिथं अडकते तिथं घासणाऱ्याचा हात पोचतच नाही, आणि तीच जागा सगळ्यात चकचकीत. झुलून झुलून. तिथं तेलात कालवलेलं काळं वंगण साठायचं, आणि ते पुसलं की खाली झिजून बारीक झालेली कडी दिसायची. कितीतरी बाळंतिणी, माहेरवाशिणी, दुपारी डोळा लागलेली म्हातारी माणसं, सगळ्यांचं वजन त्या बारीक झालेल्या जागेनं पेललं होतं.

मग घर पडलं. चुलत भावंडं कोल्हापूर, पुणे, बेंगळुरूला. वाट्यांचे कागद झाले, जागेवर दुकानगाळे झाले. अशी घरं आमच्या पट्ट्यात दरसाल पडतात, आणि त्यांचं पितळ मोडीत जातं. मोर असो, हत्ती असो, काट्यावर सगळ्यांचा भाव एकच. हे मला सहन होत नाही, आणि होऊही नये. मी साखळ्या आणि सिंह मागून घेतले, आणि ते कुणी अडवले नाहीत.

बेळगावच्या फ्लॅटमध्ये झोपाळा टांगायचा ठरल्यावर सुतारानंच सुचवलं, बफ मारून घ्या, तासाभरात सगळं नवं होईल. मी एक कडी नमुन्याला दिली. कापडी चाक गरकन फिरलं, त्यावर पॉलिशची वडी टेकवली गेली, आणि हत्ती सोन्यासारखा होऊन बाहेर आला. त्याच्या झुलीवरची जाळी मात्र निम्मी राहिली होती. कारागीर भला माणूस होता, त्यानं स्वतःच अंगठा फिरवून बघितलं आणि म्हणाला, “नक्षी बसली ओ वहिनी. ही हातानंच करायची चीज.” बाकीच्या कड्या मी पिशवीत घालून परत आणल्या.

त्या सगळ्या आम्ही घरी केल्या. तात्या आता आमच्याजवळच राहतात. हात थरथरतो, तरी ब्रासोचं फडकं हातात आलं की थरथर कमी होते. साध्या गोल कड्या त्यांच्याकडं, मोर-हत्तींच्या माझ्याकडं. त्यांचा ब्रासो, माझी चिंच. सिंह मी त्यांच्यापुढं ठेवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. कपाळ, नाक, जबडा आणि कडं घासलं. आयाळीशी आले आणि फडकं खाली ठेवलं. त्यांच्या ब्रशानं पुसलेलं काळं एवढ्या वर्षांत सांदीतून पुन्हा भरून आलं होतं.

लेकीचं म्हणणं, वर लॅकर मारून टाकू, म्हणजे पुन्हा काळं होणारच नाही. बाजारात हल्ली बहुतेक पितळी कड्या-मुठी तशाच येतात, वर पारदर्शक थर चढवलेल्या, आणि तो थर एका जागी निघाला की तिथून काळ्या रेघा आत पसरतात. मग ना चिंच चालत, ना ब्रासो, आधी सगळा थर उतरवावा लागतो. शिवाय तो असेपर्यंत हात पितळाला लागतच नाही. मी नको म्हटलं. तिला ते पटायला वेळ लागेल, आणि लागू दे. मलाही आज्जीचं सुपारीचं घड्याळ कळायला बरीच वर्षं लागली होती. बेंदूर जवळ आलाय. बैल नाहीत, पण घागरमाळ आहे, ती देवघराच्या दारावर टांगतो. काल तिला बाजारात पाठवताना सांगितलं: गणपत गल्लीतून चिंच घे, पण दुकानदार पुढं करेल ती ताजी घेऊ नकोस, मागच्या पोत्यातली काळी माग, आणि तात्यांचा ब्रासो संपलाय, तोही आण.